सुंता : कराराची खूण आणि वैद्याचें शस्त्र



पनवेलहून उरणच्या बंदराकडे जातांना वाटेंत जासई गांव लागतें. जेथें पूर्वीं भाताचीं खाचरें व मिठागरें होतीं, तेथें आतां मालाच्या लोखंडी पेट्या वाहणाऱ्या गाड्या रात्रंदिवस धांवत असतात. त्या गांवच्या एका बंधूनें थोड्या दिवसांपूर्वीं आमच्याकडे एक प्रश्न पाठविला. त्याचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. लघवी करतांना तो कण्हत असे, आणि शिश्नाच्या टोंकावरील कातडी वारंवार लाल होऊन सुजत असे. पनवेलच्या डॉक्टरांनीं तपासून सांगितलें कीं, त्या कातडीचें तोंड व्रण धरून घट्ट झालें आहे. मलम लावून पाहिलें, पण आतां त्यानें ती सैल होणार नाहीं. ती शस्त्रक्रियेनें काढली पाहिजे. म्हणजे ज्यास आपण सुंता म्हणतों तीच.

पिता घरीं आला, आणि पंधरा दिवस ह्या गोष्टीविषयीं कोणाशीं एक अक्षर बोलला नाहीं. पुढें आजीच्या कानीं गेलें, तेव्हां ती म्हणाली, “अरे, पोराला बाटवतोस काय?” ज्या शब्दानें एके काळीं तिच्याच सासऱ्यास गांवानें हिणविलें होतें, तोच शब्द आज तिच्या तोंडून निघाला! मग पिता मंडळीच्या उपदेशकाकडे गेला. त्यानें गलतीकरांस लिहिलेल्या पत्राचा पांचवा अध्याय उघडला, आणि तोही घाबरला. कारण तेथें पौल म्हणतो कीं, जे सुंता करून घेतील त्यांस ख्रिस्ताचा कांहींच उपयोग होणार नाहीं. आजीस जनाची भीति, उपदेशकास शास्त्राची भीति, आणि बापास दोहोंची. मुलगा मात्र कण्हतच होता.

आम्हीं त्या बंधूस पत्रानें उत्तर दिलें. परंतु असा प्रसंग त्याच्या एकट्यावरच येतो असें नाहीं. म्हणून तेंच येथें सर्वांसाठीं विस्तारानें सांगतों. ज्या विषयाविषयीं बोलण्यास आपण लाजतों, त्याविषयीं बोलण्यास पवित्र शास्त्र लाजलें नाहीं. मग आपणच कां लाजावें?

प्रथम ही खूण कोणी व कशासाठीं दिली तें पाहूं. उत्पत्तीच्या सतराव्या अध्यायांत देवानें अब्राहामाशीं करार केला, आणि त्या कराराची खूण म्हणून सुंता नेमून दिली. त्या वेळीं अब्राहाम ९९ वर्षांचा होता आणि इश्माएल १३ वर्षांचा. पुढें इसहाक जन्मला, तेव्हां त्याची सुंता आठव्या दिवशीं झाली. घरीं जन्मलेला असो कीं विकत घेतलेला दास असो, त्या घरांतील एकही पुरुष वगळला गेला नाहीं. पण हें लक्षांत ठेवा कीं, अब्राहामानें देवावर विश्वास ठेविला व तें त्याच्या लेखीं नीतिमत्त्व गणलें गेलें, ही गोष्ट दोन अध्याय आधींची आहे. विश्वास पहिला, खूण मागाहून. रोमकरांस लिहितांना पौलानें ह्याच क्रमावर बोट ठेविलें आहे. दारावर नांवाची पाटी लावली म्हणून घर उभें राहत नाहीं. घर आधीं असतें, पाटी मागाहून लागते.

आपला प्रभु येशू ह्याचीही आठव्या दिवशीं सुंता झाली, आणि त्याच दिवशीं त्यास येशू हें नांव मिळालें, असें लूक सांगतो. तेव्हां ह्या खुणेचा तिरस्कार करणारा मनुष्य आपल्या प्रभूच्या बाळपणाचाच तिरस्कार करितो.

ही खूण पाहण्यास आपणांस यहूदा देशीं जावें लागत नाहीं. ती आपल्या कोंकणांतच आहे. बेने इस्राएल लोकांत अशी कथा चालत आली आहे कीं, त्यांच्या पूर्वजांचें गलबत अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर फुटलें, आणि सात पुरुष व सात स्त्रिया एवढींच त्यांतून वांचलीं. हे लोक कुलाब्याच्या खेड्यापाड्यांतून राहिले, तेलाचा घाणा चालवूं लागले, मराठी बोलूं लागले, आणि गांवांच्या नांवांवरून पेणकर, रोहेकर, किहीमकर अशीं आडनांवें लावूं लागले. शनिवारीं ते घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यांनीं त्यांस शनवार तेली म्हटलें. कित्येक पिढ्यांत ते इब्री भाषा विसरले, त्यांच्यापाशीं शास्त्राचे ग्रंथ राहिले नाहींत. तरी शब्बाथ व आठव्या दिवसाची सुंता हीं त्यांनीं सोडलीं नाहींत. मुंबईच्या मिशनऱ्यांनीं जुना करार मराठींत आणिला, जॉन विल्सन यांनीं मराठींतून इब्री भाषेचें व्याकरण लिहिलें, आणि ह्या लोकांस आपलें जुनें शास्त्र आपल्या बोलीभाषेंत वाचावयास मिळालें. पनवेल येथील त्यांचें बेथ एल सभास्थान १८४९ सालचें आहे. १९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर त्यांच्यापैकीं बहुतेक लोक तिकडे गेले. पण पनवेलच्या बाजारास जाणाऱ्यास अब्राहामाची खूण शेजाऱ्याच्या घरीं पाहावयास मिळत असे, हें आपण विसरूं नये.

दुसरे शेजारी मुसलमान. तेही आपला वंश व धर्म अब्राहामाशीं जोडतात, आणि सुन्नत हा आपल्या पैगंबराचा परिपाठ म्हणून पाळतात. आठव्याच दिवसाचें बंधन त्यांच्यांत नाहीं. पूर्वीं पुष्कळ ठिकाणीं हें काम न्हावी करी. आतां बहुधा डॉक्टरांकडे नेतात. तेव्हां, “सुंता केली म्हणजे पोर मुसलमान झालें,” हें बोलणें दोन प्रकारें खोटें आहे. एक तर मुसलमान मनुष्य आपल्या विश्वासानें मुसलमान असतो, कातडीनें नव्हे. आणि दुसरें, ह्या बोलण्यांत शेजाऱ्याविषयीं जो तुच्छभाव आहे तो ख्रिस्ती मुखास शोभत नाहीं.

आतां पौलाच्या त्या कठोर वचनाकडे येऊं. आमच्या उपदेशक बंधूची भीति प्रामाणिक होती. तिला उत्तर दिलें पाहिजे. सुमारें इ. स. ४९ मध्यें यहूदीयांतून कांहीं लोक अंत्युखियास आले, आणि विदेशी शिष्यांस म्हणूं लागले कीं, सुंता झाल्यावांचून तुमचें तारण होणार नाहीं. त्यावरून मोठा वाद झाला. पौल व बर्णबा यरुशलेमास गेले. तेथें पेत्र बोलला, याकोब बोलला, आणि असें ठरलें कीं, विदेश्यांतून देवाकडे वळणाऱ्यांवर हें जूं लादूं नये. तो निर्णय झाला नसता तर तुम्ही आम्ही आज ज्या दारानें मंडळींत आलों तें दार आपणांस बंद राहिलें असतें. गलतियाच्या मंडळ्यांत तेंच जूं पुन्हां आणण्याचा यत्न चालला होता, म्हणून पौल तेथें इतका तापला.

पण तोच पौल काय करितो तें पाहा. तीत हा हेल्लेणी. त्याची सुंता झालीच पाहिजे असा कित्येकांनीं आग्रह धरिला, तेव्हां पौल घटकाभरही वांकला नाहीं. तीमथ्य हा यहूदी आईचा व हेल्लेणी बापाचा मुलगा. त्याच्या बाबतींत कोणी तारणाचा प्रश्न काढिला नव्हता. यहूद्यांत त्याची ये-जा मोकळेपणानें व्हावी एवढाच हेतु होता. पौलानें त्याची सुंता करविली! एकच हात, एकच शस्त्र. एकास नाहीं म्हणतो, दुसऱ्यास होय म्हणतो. ह्यावरून स्पष्ट दिसतें कीं, पौलाचें भांडण शस्त्राशीं नव्हतें. त्या शस्त्रावर तारणाचा भरंवसा ठेवण्याशीं होतें. जो म्हणतो, ह्यानें मी देवापुढें नीतिमान ठरेन, त्यास ख्रिस्ताचा उपयोग नाहीं. जो म्हणतो, माझें मूल दुखण्यानें कण्हत आहे, त्यास बरें करा, त्याच्याशीं त्या वचनाचा कांहीं संबंध नाहीं. डोळ्यांतील मोतीबिंदू काढितांना आपण कोणता करार करितों? किडलेली दाढ उपटितांना कोणतें व्रत घेतों? तसेंच हें. रोगासाठीं कापलेली कातडी आपल्या तारणांत मासाभर भर घालीत नाहीं, आणि गुंजभर उणेंही करीत नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगतों. ज्या यहूदी लोकांस ही खूण प्राणाहून प्रिय, त्यांच्या शास्त्र्यांनींही जिवाचा मान राखिला आहे. मूल आजारी असेल तर आठवा दिवस टळला तरी चालेल, तें बरें होईपर्यंत थांबावें, असा त्यांचा नियम आहे. आणि एका आईचीं दोन मुलें सुंतेनंतर मरण पावलीं असतील, तर तिसऱ्याची करूं नये, असें तालमुदांत सांगितलें आहे. कित्येक घराण्यांत मुलांचें रक्त एकदां वाहूं लागलें म्हणजे थांबत नाहीं. ह्या रोगास आज हिमोफिलिया म्हणतात, आणि तो आईकडून मुलग्यांत उतरतो. त्या जुन्या शास्त्र्यांस रोगाचें नांव ठाऊक नव्हतें, पण मुलाच्या जिवापुढें त्यांनीं नियम थांबविला. मग ज्यांच्यावर तो नियमच नाहीं, त्या आम्हीं लाजेखातर मुलाचा उपचार थांबवावा काय?

आतां शस्त्रक्रियेविषयीं. पहिली गोष्ट ही कीं, प्रत्येक मुलास तिची गरज नसते. जन्मतः ही कातडी आंतील टोंकास चिकटलेलीच असते. ती वर्षानुवर्षांत हळूहळू आपोआप सुटते; कांहीं मुलांत तारुण्य येईपर्यंतही वेळ लागतो. आईनें किंवा दाईनें तेल लावून ती जोरानें मागें ओढूं नये. त्यानें चिरा पडतात, व्रण धरतो, आणि जें दुखणें नव्हतें तें उत्पन्न होतें. पुष्कळ वेळां डॉक्टर कांहीं आठवडे लावावयास मलम देतात आणि तेवढ्यानेंच काम होतें. पण कातडीच्या तोंडाशीं पांढरट, कठीण वळें धरलें, वारंवार सूज व पू येऊं लागला, किंवा लघवींतील विकार पुन्हां पुन्हां होऊं लागला, तर शस्त्रक्रिया सांगतात. मागें गेलेली कातडी पुढें येईना आणि टोंक सुजूं लागलें, तर मात्र उद्यांची वाट पाहूं नये. त्याच घटकेस रुग्णालय गांठावें. प्रौढ पुरुषाची कातडी नव्यानें आकसूं लागली तर रक्तांतील साखर तपासून घ्यावी. मधुमेहाची पहिली वर्दी कधीं कधीं येथूनच मिळते.

शस्त्रक्रियेपूर्वीं डॉक्टर रक्त तपासतात. त्या वेळीं घराण्यांत कोणास रक्त न थांबण्याचा विकार असेल तर तो लपवूं नका. लघवीचें छिद्र टोंकास नसून खालच्या बाजूस असेल तर तेंही दाखवा. अशा मुलाची सुंता करीत नाहींत, कारण तें छिद्र नीट करण्यास पुढें तीच कातडी लागते. लहान मुलांस बहुधा पूर्ण भूल देतात, मोठ्यांस तेवढाच भाग बधिर करण्याची सुई देतात. पूर्ण भूल द्यावयाची असेल तर सामान्यतः सहा तास आधीं अन्न व दोन तास आधीं पाणीही बंद ठेवावें लागतें. नेमकी वेळ डॉक्टर सांगतील ती. पोर रडतें म्हणून आजीनें पदराआडून बिस्किट देऊं नये. भुलेंत उलटी झाली तर ती श्वासाच्या वाटेनें छातींत जाते, आणि मायेचा तो घांस जिवावर बेततो.

शस्त्रक्रियेस सुमारें अर्धा तास लागतो. टांके बहुधा आपोआप विरघळणारे असतात. मूल बहुतकरून त्याच दिवशीं घरीं येतें. पुढें काय होतें? उत्पत्तीच्या चौतिसाव्या अध्यायांत शखेमाच्या पुरुषांची गोष्ट आहे. तिसऱ्या दिवशीं ते वेदनेनें व्याकुळ होते, असें शास्त्र सांगतें. ती गोष्ट कपटाची व रक्तपाताची आहे. पण तिच्यांतील हा तपशील आजही खरा आहे. पहिले दोन-तीन दिवस दुखतें, सूज येते, लघवीच्या वेळीं चुरचुरतें. डॉक्टरांनीं वजनाप्रमाणें सांगितलेलें दुखण्यावरचें औषध वेळच्या वेळीं द्यावें. मुलास ॲस्पिरीन देऊं नये. टोंकावर पिंवळसर पातळ पापुद्रा येतो. तो पू नव्हे, खरवडूं नये. सैल लुगड्याचें धडपें किंवा मोकळी विजार नेसवावी. अंघोळ केव्हां घालावी व पट्टी केव्हां काढावी हें डॉक्टरांस विचारावें. राख, चुना, तंबाखू, झाडपाला, ह्यांतील कांहींही जखमेस लावूं नये. धनुर्वात ह्याच वाटेनें येतो.

यहोशवाच्या पांचव्या अध्यायांत गिलगाल येथें लोकांची सुंता झाली, आणि ते बरे होईपर्यंत छावणींत आपापल्या ठिकाणीं राहिले. पुढें यरीहो जिंकावयाचा होता, शत्रु समोर होता. तरी देवाचें सैन्य थांबलें. मग आपण आठवडाभर शाळा बुडते म्हणून कां कुरकुरावें? मुलें सुमारें आठ-दहा दिवसांत बरीं होतात. मोठ्या माणसास दोन-तीन आठवडे लागतात. तोंवर सायकल, ओझें व उड्या बंद. विवाहित पुरुषानें चार ते सहा आठवडे पत्नीपासून दूर राहावें.

भिण्याजोगीं चिन्हें थोडीं आहेत, तीं पाठ करून ठेवा. स्वच्छ फडक्यानें दहा मिनिटें दाबूनही रक्त न थांबणें; आठ-दहा तास लघवी न होणें; ताप व दुर्गंधीयुक्त पू; टोंक निळें वा काळें पडणें. ह्यांपैकीं एकही दिसलें तर रात्र असो, पाऊस असो, डॉक्टरांकडे निघावें. अशा वेळीं घरीं बसून प्रार्थना करणें हा विश्वास नव्हे. प्रार्थना करीत रुग्णालयाची वाट धरणें हा विश्वास होय. लूक हा सुवार्ता लिहिणारा होता, आणि वैद्यही होता.

कांहीं लोक दुसऱ्या टोंकास जातात. सुंता झालेला पुरुष रोगमुक्त असतो असें ते म्हणतात. २००७ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें एच.आय.व्ही.चा फैलाव फार असलेल्या आफ्रिकेंतील देशांसाठीं सुंतेची शिफारस केली, कारण स्त्रीकडून पुरुषास होणारा संसर्ग तिच्यामुळें सुमारें ६० टक्क्यांनीं कमी होतो असें आढळलें. हें खरें आहे. पण कमी होतो, थांबत नाहीं. शस्त्रानें आचरण शुद्ध होत नाहीं. आणि आम्हीं जें सांगितलें तें मुलग्यांविषयीं. मुलींवर असा छेद करण्याची आज्ञा शास्त्रांत कोठेंही नाहीं, व त्यापासून अपाय मात्र होतो.

शेवटीं मंडळीस दोन शब्द. बापांनो, मुलास फसवून नेऊं नका. “जत्रेस जाऊं” म्हणून नेलेलें पोर टेबलावर जागें होतें, तेव्हां त्याची जखम दहा दिवसांत भरते. बापाच्या शब्दावरचा त्याचा विश्वास भरून येण्यास फार काळ लागतो. त्यास साध्या शब्दांत सांगा: दुखेल, पण थोडे दिवस, मग लघवीस त्रास होणार नाहीं, आणि मी तुझ्याजवळ असेन. उपदेशक बंधूंनो, अशा कुटुंबाबरोबर रुग्णालयांत जा. तुम्ही बाकावर बसलेले दिसलां कीं गांवाचें अर्धें तोंड बंद होतें. आणि तरुणांनो, त्या मुलास कोणी टोपणनांव ठेविलें तर हंसूं नका. मुलाच्या दुखण्याची थट्टा करणें ही त्याच्या कातडीहून आपल्या अंतःकरणाची कठीणता दाखवितें.

कारण खरी सुंता अंतःकरणाची, हें मोशेनेंही सांगितलें, यिर्मयानेंही सांगितलें, आणि पौलानेंही सांगितलें. ती कोणता डॉक्टर करीत नाहीं. जनलज्जा, शेजाऱ्याचा तिरस्कार, लेंकराच्या कण्हण्याहून स्वतःच्या नांवास अधिक जपणें, ही जी घट्ट झालेली अग्रत्वचा आपल्या अंतःकरणावर आहे, ती देवाच्या आत्म्यानें छेदिली पाहिजे. तेथेंही तिसरा दिवस दुखण्याचा असतो, आणि तेथेंही बरे होईपर्यंत आपल्या जागीं स्थिर राहावें लागतें.

जासईच्या त्या बंधूनें आमचें पत्र रात्रीं आईस वाचून दाखविलें. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. सकाळीं मात्र पोराचे दोन सैल कपडे पिशवींत घालून तीच प्रथम दारांत उभी राहिली. शस्त्रक्रिया पार पडली. तिसरा दिवस जड गेला. दहाव्या दिवशीं मुलगा हिंडूं फिरूं लागला. आतां तो शाळेंत जातो आणि लघवीच्या वेळीं कण्हत नाहीं. आजी कोणी विचारल्यास सांगते, “दुखणें होतें, काढलें.” एवढ्या तीन शब्दांत तिनें जें सांगितलें, तेंच सांगण्यास आम्हांस एवढें पान लागलें. प्रभु तुम्हांस अशा प्रसंगीं तिच्यासारखें सरळ मन देवो. आमेन.